नजीरचाचा चेहरा देत नाहीत

मला पदवीपत्राच्या दोन झेरॉक्स प्रती हव्या होत्या आणि यंत्राच्या काचेवर नजीरचाचांचा गाल होता. झाकण त्यांच्या डोक्यावर टेकलेले, टाचा उचललेल्या, आणि मागे आधार कार्डे हातात धरून गिऱ्हाइके ताटकळत उभी.

"जरा थांब, सायंटिस्टबाई," काचेला चिकटलेल्या तोंडातून आवाज आला, "आत्ताशी नाक सुरू झालंय."

जुन्नरच्या पेठेत आमच्या घराला लागून चाचांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, साखरपुडे आणि बारशी यांतच त्यांचे आयुष्य गेले. चाची वारल्या, मुलगा संसार घेऊन आखातात गेला, आणि त्यानंतर चाचांनी कॅमेऱ्याचे तोंड स्वतःकडे वळवले. मोबाइलवर सेल्फी काढणाऱ्यांविषयी मात्र त्यांना विलक्षण तुच्छता आहे. "तो फोटो न्हाई, हजेरी हाय," असे ते म्हणतात.

मग फोटो कशाला म्हणायचे? डिंगोऱ्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कांदे साठवायच्या बराखीत चाचांनी स्वतःला गळ्यापर्यंत कांद्यात पुरून घेतले आणि तोंडावर गोणपाट ओढले. शेतकऱ्याच्या आईने ते पाहिले. तिला सावरायला अख्खी वस्ती लागली. घाटघरच्या धुक्यात त्यांनी शटर बराच वेळ उघडे ठेवले आणि कॅमेऱ्यासमोरून येरझाऱ्या घातल्या. प्रकाशशास्त्र शिकलेल्या कोणालाही परिणाम आधीच सांगता आला असता: हलणारा माणूस पुसला गेला आणि कडेला काढून ठेवलेल्या चपला तेवढ्या स्पष्ट उमटल्या. या चित्राला त्यांनी नाव दिले, 'मी, घाटघरला'.

प्रयोगाला शिस्त असावी असे मला वाटते. प्रकाश, अंतर, वेळ यांपैकी एका वेळी एकच घटक बदला, म्हणजे कशामुळे काय झाले ते कळेल, हे मी त्यांना वारंवार समजावले.

"बाई," ते म्हणाले, "म्हातारपण एका वेळी एकच घटक बदलतं व्हय?"

अशा माणसाची शिफारस मी का केली, याचे एकच कारण आहे: कोणतेही काम निष्कर्षाशिवाय सोडणे मला जमत नाही. पुण्यात आत्मछायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते. मी चाचांच्या नावाने प्रवेशिका भरली आणि ती प्राथमिक फेरीत निवडलीही गेली. आता आठ छायाचित्रे पाठवायची होती आणि अट एवढीच होती की, निदान एकात कलाकाराचा चेहरा स्पष्ट दिसावा. सात तयार होती. त्या सातांत मिळून चाचांचा एक कान आणि अर्धी भुवई होती. आठवे मिळाले नाही तर सगळे बाद.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी स्वतःच कॅमेरा स्टँडवर लावला, दिवे मोजून मांडले आणि चाचांना स्टुलावर बसवले. मी बटण दाबायला आणि त्यांनी मान फिरवायला एकच गाठ पडे.

"चाचा, क्षणभर माणसासारखे बसा!"

"माणसासारखं बसलं की पासपोर्ट होतो."

माझा संयम संपत आला असतानाच दारात एक वयस्कर बाई आल्या. त्या पारगावच्या, लेक जुन्नरला दिलेली. नवरा नुकताच वारला होता. त्यांनी पिशवीतून त्याचे आधार कार्ड काढले.

"ह्याचा मोठा फोटू करून द्या, भाऊ. परवा तेरावं हाय. हार घालायचाय."

स्टुडिओंची यासाठी ठरलेली रीत आहे. मिळेल त्या कागदावरून मयताचे डोके उचलायचे आणि संगणकातल्या तयार कोटावर बसवायचे. चाचांनी तसे केले. बाई पडद्याकडे पाहतच राहिल्या.

"हे कोण?"

"तुमचे मालक, आक्का."

"आमचे मालक असं कुणाला मारून आल्यावानी बघत नव्हते. आन् कोट? जल्मात घातला न्हाई त्यांनी."

चाचांनी कोट पुसला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या कपड्यांच्या खोक्यातली पांढरी टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि माझ्या दिव्यांसमोर स्टुलावर जाऊन बसले. "सांगा, कसं बसायचं? धड तरी नीट घेऊ."

"टोपी मागं. एवढी न्हाई! उजवा खांदा पाडा, उसाच्या मोळ्या उचलून पडला व्हता त्यो. आता मान वर नका करू. ते माणसाकडं आधी खाली बघायचे, मंग वर. लाजायचे लई."

चाचांनी खाली पाहिले. मग वर.

"हां!" बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की माझे बोट बटणावर पडलेच.

"झालं," चाचा उठत म्हणाले. "आता ह्यावर त्यांचं डोकं बसवतो."

"डोकं बदलू नका."

"आक्का, हे माझं तोंड हाय."

"म्या काय आंधळी हाय? तोंड तुमचंच हाय, पर बघणं त्यांचं हाय. असंच द्या."

या व्यवहारावर माझे अनेक आक्षेप होते. परंतु त्या क्षणी मला पडद्यावरचा चेहरा दिसत होता. दोन्ही डोळे, नाक, हनुवटी, सगळे स्पष्ट. आठवे छायाचित्र! प्रत छापून निघेपर्यंत मी पेनड्राइव्ह काढला. तेवढ्यात चाचांनी माउस हातात घेतला आणि मूळ फाइल उडवून टाकली. कॅमेऱ्यातलीही.

"चाचा! तो तुमचाच चेहरा होता!"

"व्हता."

"एक दिवस थांबला असता तर काय बिघडले असते?"

"पुण्याच्या भिंतीवर लागला आन् हिच्या एखाद्या पावण्यानं बघितला म्हंजे? म्हणंल, ह्यो तर जुन्नरचा फोटूवाला. मंग हिनं हार कुणाला घातला?"

"आणि प्रदर्शन?"

"ऱ्हाऊ दे."

मी दिवे आवरायला घेतले. आदळआपट पुरेशी केली.

चाचांनी चौकटीत बसवून दिलेला फोटो बाईंनी पिशवीत घातला नाही. पदराने त्याची काच पुसली, दोन्ही हातांनी उराशी धरला. उंबऱ्यापाशी थांबून फोटोकडे पाहिले आणि म्हणाल्या,

"चला आता घरी. लई उशीर झालाय."

पुन्हा स्टुलावर येऊन बसलेले चाचा अर्धे उठले.

मग त्यांच्या ध्यानात आले. बाई रस्त्याला लागल्या होत्या. टोपी डोक्यावर तशीच ठेवून चाचा हळूच खाली बसले, आणि मी हातातली वायर उगीचच पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले.