बखर पांढऱ्या चिलखताची आणि चार बोटे कमी पडल्याची

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि ज्या खुर्चीवर बसून लिहितो तिचा एक पाय डुगडुगतो तरी तिचे उपकार मानून, लिहिणे ऐसे जे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण मास. कोणे एके नगरी दुसऱ्या मजल्यावर एक राज्य होते. राज्याचे नाव लिहू नये ऐशी आम्हांस ताकीद आहे, सबब लिहीत नाही. मुलूख तीन खोल्यांचा. पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस मुदपाकखाना, सरहद्दीवर जिना. राज्याचे धनी भालचंद्रराव खरवंडीकर, सरकारी कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त जाहलेले. शिस्तीचे बहुत कडक, आणि पसारा दिसला की मस्तक फिरे. त्यांच्या राणीसाहेब मंदाकिनीबाई. मुदपाकखाना आणि शिवणयंत्र ही दोन्ही खाती त्यांजकडे, आणि चार गल्ल्यांतील बायकांच्या पोलक्यांची मापे तोंडपाठ. कन्या ऋजुता, वय वर्षे चोवीस, संगणकाची चाकरी घरी बसून करी. तिघे एका पंगतीस जेवीत, परंतु बापलेकीत बोलणे म्हणावे तर "मीठ द्या" आणि "पंखा लावा", याउपर एक अक्षर नाही.

याचे कारण तेरा वर्षांमागील. ऋजुता सहावीत असता शाळेच्या संमेलनासाठी तिने पुठ्ठ्याचे चिलखत केले होते, येणाऱ्या युगी माणसे ग्रहागणिक स्वारीस जातील तेव्हाचे शिपाई घालतील तैसे. महिनाभर खपली, चंदेरी रंग दिला, आणि संमेलनाचे आदले दिवशी भालचंद्ररावांनी घर आवरावयास काढिले आणि ते चिलखत वर्तमानपत्रांसह रद्दीवाल्यास देऊन टाकिले. का, तर पसारा! पोर रडून रडून लाल जाहली, आणि मग शेजारच्या डबीरकाकांकडून आयत्या वेळी लुगडे आणून तिला कोळीण करून मंचावर लोटिली, तीही पाटीत मासळी नसलेली. त्या दिवसापासून पोरीने बापास काही दाखविणे सोडिले. भालचंद्ररावांस चूक कळली नव्हती ऐसे नाही; परंतु अव्वल कारकुनाचे तोंडून "चुकलो" हा शब्द काढणे म्हणजे विहिरीतून हत्ती काढणे. तेरा वर्षे हत्ती विहिरीतच राहिला.

मग त्या श्रावणात परदेशाहून ऋजुताचे नावे एक भला थोरला खोका आला. आत चिलखताचे सामान, पांढऱ्या प्लास्टिकची ताटेच ताटे: छाती, पाठ, मांड्या, पोटऱ्या, शिरस्त्राण, आणि तेही दोन माणसांचे. नगरात कार्तिकमासी विज्ञानकथाप्रेमी मंडळींचा मेळावा भरणार, आणि त्यात वेषांची स्पर्धा, जोडीने चालावयाची. ऋजुताची जोडीदार मैत्रीण ऐन वेळी चाकरीनिमित्त परमुलखी गेली. पोर खोक्यापाशी बसून राहिली, जेवावयास उठेना. तेव्हा भालचंद्रराव दारात उभे राहून घसा खाकरून बोलिले, "ते दुसरं... मी घातलं तर चालेल का?" ऋजुताने वर पाहिले आणि बोलिली, "तुम्ही? बाबा, हे घालून चार माणसांसमोर चालायचं असतं." "चालीन की. पाय आहेत मला." "आणि मध्येच सोडायचं नाही." "नाही सोडत." मुदपाकखान्यात मंदाकिनीबाईंच्या हातातील पळी थांबली, हे आम्ही पक्के लिहितो. पोरीने होय म्हटले. येथून राज्याचा सारा भार त्या एका होकारावर आला. हे साधले तर लेक परत मिळे, आणि हे फसले तर पुन्हा मीठ आणि पंखा.

भालचंद्ररावांनी कामाची सुरुवात केली ती यादीने. एकेक ताट यादीशी पडताळून लाल शाईने बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली. मग श्रावण वद्य अष्टमी, सोमवार, ते दिवशी मापे घेतली. आता वाचकहो, तिथी नीट ध्यानात ठेवा. भालचंद्रराव अख्खा श्रावण एकवेळ जेवीत. त्यावर सोमवारचा उपास, आणि त्यावर गोकुळाष्टमीचाही उपास. म्हणजे वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत त्यांचे पोट ज्या दिवशी सर्वांत खपाटीस जाते तो नेमका दिवस धरून मंदाकिनीबाईंनी टेप लाविली. ताटे मोठी येतात, ज्याने त्याने आपल्या अंगाप्रमाणे कापावी ऐसा रिवाज. मंदाकिनीबाई बोलिल्या, "अहो, दोन बोटं माया ठेवू या बाजूंना. पोलक्यालासुद्धा ठेवतो आपण, पुढे उसवायला." तेव्हा भालचंद्रराव काय बोलिले? "माप म्हणजे माप. कागदावर लिहिलंय, रेघेवर कापा." आणि दस्तुरखुद्द कात्री घेऊन रेघेवर कापिले, ऐसे सरळ की पट्टीने मान खाली घालावी. आणि मग कापलेले तुकडे घरभर पडले, तेही त्यांनी केरसुणीने गोळा केले. पुढे त्यांचे काय केले ते यथावकाश येईल.

मग काम रखडले, आणि त्यास दोष कोणासही देता येत नाही. भाद्रपदात गणपती बसले तो दिवाणखाना त्यांचा जाहला आणि ताटे पलंगाखाली गेली. गणपती गेले तो पितृपक्ष आला, त्यात नवे काम कसे जोडावे? नवरात्रात मंदाकिनीबाईंचे नऊ दिवस उपास, त्यांचा हात यंत्रावर चालेना. दसरा उलटताच मात्र बापलेक झपाटल्यासारखी कामास लागली. काचकागदाने कडा घासिल्या तो पांढरी भुकटी ओट्यावर उडाली, आणि मंदाकिनीबाई ती तांदळाची पिठी समजून अनारशांत घेण्याच्या बेतात होत्या, थोडक्यात प्राण वाचले. पोटऱ्या उकळत्या पाण्यात बुडवून वळविल्या, त्यासाठी मोठे पातेले गेले ते कायमचेच. गोंद सुकेतो कडा धरून ठेवावयास दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लागले, आणि आठवडाभर साऱ्या राज्याचे धुणे खुर्च्यांच्या पाठीवर वाळले. आणि काम करिता करिता बोलणे वाढले. "बाबा, इकडून धरा." "असं?" "थोडं वर. बास." एके दिवशी तर ऋजुता हसली. भालचंद्ररावांनी ते ऐकून काचकागद खाली ठेविला आणि उगाच चष्मा पुसला.

परंतु दिवाळी आली. काय सांगावे! चकली, कडबोळी, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू, आणि ते वाचलेले अनारसे. शिवाय डबीरकाकांकडून ताट, वरच्या मजल्यावरून ताट, माहेरून डबा. भालचंद्रराव श्रावणभर जे जेविले नाहीत ते सर्व आठ दिवसांत वसूल करिते जाहले. आम्हांस कोणी विचारले असते तर सांगितले असते, की धनीसाहेब, सदऱ्याची गुंडी काय म्हणते ते पाहा. पण आम्हांस कोण विचारतो? चिलखताचा एकेक भाग वेगळाच करून पाहिला होता, हात नीट, पाय नीट; छाती आणि पाठ मिळवून कोणी पाहिलीच नाही, कारण टिचबटणे दिवाळीनंतर लाविली.

मग कार्तिक शुद्ध नवमी, रविवार, मेळाव्याचा दिवस. दुपारी चार वाजता हजर व्हावयाचे. सकाळी दहास चिलखत चढविणे आरंभिले. ऋजुताचे अंगी ते ऐसे बसले की डबीरकाका, जे मजा पाहण्यास लाडू घेऊन दारात उभे होते, तेही क्षणभर चावावयाचे विसरले. मग भालचंद्रराव. पोटऱ्या बसल्या, मांड्या किंचित कुरकुरून बसल्या, छाती पुढून लाविली, पाठ मागून लाविली, आणि दोहींच्या मध्ये, उजवीकडे चार बोटे आणि डावीकडे चार बोटे, भालचंद्रराव उघडेच राहिले.

"पोट आत घ्या," डबीरकाका बोलिले. "घेतलंय," भालचंद्रराव बोलिले. "अहो, नीट घ्या." "घेतलंय म्हणतो ना!" "हे आत घेतलेलं आहे?" डबीरकाकांनी लाडू खाली ठेविला आणि मग पाठीवर गुडघा लावून दोन्ही हातांनी ओढिले, आणि मंदाकिनीबाईंनी पुढून रेटिले, आणि भालचंद्ररावांनी सारा श्वास बाहेर सोडिला, आणि एक टिचबटण लागले. "लागलं!" म्हणून डबीरकाका ओरडले. मग भालचंद्ररावांस श्वास घ्यावा लागला. बटण सुटले ते गोळीसारखे जाऊन भिंतीवरच्या घड्याळावर आपटले, आणि घड्याळ बंद पडले ते दहा वाजून चाळीस मिनिटांवर.

कोणी हसले नाही. ऋजुता शांतपणे बोलिली, "होईल. कापलेले तुकडे आहेत ना, तेच बाजूंना जोडू. त्याच रंगाचे आहेत. कुठे ठेवलेत, बाबा?" भालचंद्रराव केरसुणीकडे पाहू लागले. "बाबा, तुकडे?" तेव्हा भालचंद्रराव खाली पाहत बोलिले, "दिले." "कोणाला?" "भंगारवाल्याला. त्याच दिवशी. पसारा होता..." ऋजुता त्यांच्याकडे पाहत राहिली आणि एकच शब्द बोलिली, "परत?" इतकेच बोलून तिने आपले शिरस्त्राण टीपॉयवर ठेविले आणि मनगटावरचे पट्टे सोडावयास लागली. आम्ही पुष्कळ लढायांचे वर्णन ऐकिले आहे, पण त्या पट्ट्यांच्या चर्र आवाजाइतका वाईट आवाज त्यांत कोठे नाही. डबीरकाका हळूच जिन्याकडे सरकले.

तेव्हा मंदाकिनीबाई उठल्या आणि मुदपाकखान्यात गेल्या. आतून खडखडाट ऐकू आला, गव्हाची कोठी सरकविल्याचा, मग गहू सांडल्याचा, मग "अगं आई गं, कंबर!" ऐसा. आणि मग बाई पदराने काही पुसत पुसत बाहेर आल्या. हाती एक पुठ्ठा होता, तेरा वर्षे कोठीखाली दबून पापडासारखा सपाट जाहलेला. एका अंगास चंदेरी रंग, तो अजून शाबूत. बाई बोलिल्या, "पाठीचा भाग आहे. रद्दीवाल्याच्या तराजूतून ओढून घेतला होता मी. बाकीचं गेलं होतं तोवर." ऋजुता बोलिली, "आई! मला का नाही सांगितलंस?" "काय सांगू? एवढासा तुकडा राहिला म्हणून? आणखी रडली असतीस. आणि कोठीला ओल लागत होती, म्हणून खाली घातला." ही आमच्याकडील रीतच आहे, जे टाकवत नाही ते कशाच्या तरी बुडाशी घालून ठेवावे. मग बाई भालचंद्ररावांभोवती फिरून नजरेने माप घेऊन बोलिल्या, "याच्या दोन कळ्या काढते. दोन्ही बाजूंना घालू. पोलकं घट्ट झालं की बगलेत घालतो तशा."

भालचंद्ररावांनी पुठ्ठा हाती घेतला आणि उलटा केला. मागे शाळकरी अक्षरांत, निळ्या शाईत लिहिले होते: 'कप्तान ऋजुता भालचंद्र खरवंडीकर, इयत्ता सहावी, तुकडी ब.' त्यांनी ते मोठ्याने वाचिले, कचेरीत अर्ज वाचावा तैसे, आणि 'तुकडी ब' येथे आवाज फाटला. मग छाती पुढे, पाठ मागे, आणि मध्ये बनियन दिसत असता, राज्याचे धनी बोलिले, "चुकलो मी, ऋजू. तेव्हाही चुकलो आणि आताही. मला फार वाईट वाटतं त्याचं. तेरा वर्षं वाटतंय." हत्ती विहिरीतून निघाला. ऋजुताने नाक ओढिले आणि सोडिलेले पट्टे पुन्हा लाविले. मग आईस बोलिली, "कापताना नाव तोडू नकोस." बाई बोलिल्या, "चंदेरी बाजू बाहेर ठेवते, म्हणजे पांढऱ्यात खपून जाईल." तो भालचंद्रराव बोलिले, "नाही. नावाची बाजू बाहेर." "बाबा, अहो, मातकट पुठ्ठा दिसेल!" "दिसू दे."

मग स्वारी निघाली. चिलखतात बसता येईना, सबब दोघे टेम्पोत उभ्याने, आणि मंदाकिनीबाई पुढे चालकाशेजारी सुईदोरा घेऊन. मेळाव्यात एकाहून एक वेष. कोणाच्या छातीत दिवे लुकलुकत, कोणाच्या पाठीतून धूर निघे. त्यात हे दोघे चालिले. शिरस्त्राणाच्या काचेवर वाफ धरल्याने भालचंद्ररावांस पुढचे काही दिसेना, म्हणून लेकीने त्यांचा हात धरिला आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडिला नाही. परीक्षकीण बाईंनी कमरेकडे बोट दाखवून विचारिले, "अहो, सगळं इतकं छान केलंय, मग हा पुठ्ठा का? आणि हे काय लिहिलंय?" आतून आवाज आला, पातेल्यातून यावा तैसा, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला: "आमच्या कप्तानांचं नाव आहे. मी यांच्या हाताखाली आहे." सभा हसली. कप्तान हसले नाहीत. शिरस्त्राण घातलेले होते म्हणून बरे, कारण आत ते रडत होते.

एवंच, बक्षीस धूरवाल्यांस गेले आणि त्यात आम्हांस काही अन्याय दिसत नाही. घड्याळ दुरुस्त जाहले. मापे यापुढे दिवाळीचे फराळानंतरच घ्यावी, ऐसा हुकूम भालचंद्ररावांनी लाल शाईने लिहून सही ठोकून शिवणयंत्रावर चिकटविला आहे. कोठीखाली आता लाकडी पाट असतो. बापलेकीत बोलणे इतके वाढले आहे की मंदाकिनीबाई कधी कधी कानांत कापूस घालितात. आणि रद्दीवाला आला म्हणजे भालचंद्रराव जिन्यात बसून प्रत्येक कागद आणि प्रत्येक पुठ्ठा आधी उलटून पाहतात, मागे कोणाचे नाव लिहिलेले तर नाही ना, आणि मगच देतात.