आधी कोपराक विचार

कट्टा गावच्या बाजारात गुणाकाकांकडून तोंडाला लावायच्या स्नोची बाटली घ्यायची म्हणजे दोन खेपा ठरलेल्या. पहिल्या खेपेला माल मिळायचाच नाही. काका बाटली उघडत, बोटाच्या टोकावर जरासा स्नो घेत आणि गिऱ्हाइकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला चोळत. "आता घराक जा. परवा हात दाखवूक ये."

"अहो, पण माका आज होयो!"

"तुका होयो गो, पण कोपराक होयो काय? आधी कोपराक विचार."

असा दुकानदार मी जन्मात दुसरा पाहिला नाही. काकणं, रिबिनी, साबण, पावडर असा सगळा बायकांचा माल विकायचा. पण नवीन काही आलं, की हा गृहस्थ आधी स्वतःच्या हाताला लावून बसायचा. एका हाताला मोगऱ्याचा वास, दुसऱ्याला गुलाबाचा. बाजारातले पुरुष खो खो हसत. काका म्हणत, "माज्या हातावर जाव नको. माजी कातडी सुकटासारी, तिका सगळा मानवता."

'मानवणं' हा त्यांचा लाडका शब्द. इतकं करूनही एखादीला साबण बाधला, तर अर्धी झिजलेली वडीसुद्धा ते मुकाट परत घेत. "मानवला नाय तर परत घेवन ये," हे तर प्रत्येक पुडीबरोबर फुकट मिळायचं.

काका एकटेच राहत. बायको आधीच गेलेली. एकुलती एक मुलगी सुमी नांदगावला दिली, ती दुसऱ्या वर्षी तिथेच वारली. तापाने, असं सासरचे म्हणाले. तिचं नाव ते कधी काढत नसत आणि आम्हीही काढत नसू.

माझ्या शालूताईचं लग्न ठरलं, तेव्हा मी सातवीत होते. ताई सावळी. मुंबईच्या मामाने तिच्यासाठी गोरं करणारं म्हणे कसलं तरी क्रीम आणलं. ताईचा जीव त्या बाटलीत! लग्नाला आठवडा उरला असताना काकणं बघायला आम्ही काकांकडे गेलो, तर बाटली पिशवीत बरोबर.

काकांनी आधी तिची बोटं बघितली. काजूच्या चिकाने काळी पडलेली. "काजी फोडलंस मा? चिकान कातडी आधीच रागावलली आसा. त्यात ह्या नवीन!" त्यांनी बाटली मागून घेतली आणि कोपराला टिकलीएवढं क्रीम लावलं. "परवासर तोंडाक लावशीत, तर काकणा भरूचंय नाय."

आई घरी नुसती धुमसली. "लगीन माज्या चेडवाचा, आणि मुहूर्त ह्येंच्या कोपराचो!"

दुसऱ्या दिवशी ताईचं कोपर लालबुंद. पुळ्या, खाज, आग. आईचा चेहरा खर्रकन उतरला. हे तोंडावर आलं असतं तर? ताई मात्र ढसाढसा रडत होती. कोपरासाठी नव्हे हो, गोरं व्हायचं राहिलं म्हणून! मला तिची फार दया आली.

काका चुडा भरायला आमच्या घरी आले. हिरवी काकणं चढवता चढवता म्हणाले, "ह्यो रंग तुका मानवलो आसा. दुसरो कित्याक होयो?" त्या दिवसांत ताई पहिल्यांदा हसली.

पाठवणीच्या वेळी जो तो तिला सांगत होता: सोसून घे, उलट बोलू नको, सासर तेच आता घर. ताईचे डोळे वाहत होते. तेवढ्यात गर्दीतून गुणाकाका पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मानवला नाय तर परत ये गो."

नवऱ्याचा काका भडकला. "ह्या काय बोलना झाला? चेडू म्हणजे काय साबण आसा?"

"साबणाक सांगतंय," गुणाकाका म्हणाले, "मगे चेडवाक सांगूक नको?" आणि मग आवाज पार खाली गेला. "माज्या सुमीक ह्या सांगूचा ऱ्हवला."

आठवड्यापूर्वी गुणाकाकांच्या नावाने बोटं मोडणारी माझी आई पुढे झाली. तिने ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"गुणाकाका काय म्हणाले, ता ऐकलंस मा?"