सैल पँट

शिवणकाकूंनी नवऱ्याची पँट पहिल्यांदा उसवली, ती निव्वळ दया येऊन.

काकू गल्लीभराचे कपडे शिवत आणि काका कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करत. त्या काळी घड्याळ बिघडलं की फेकून देत नसत, त्यामुळे काकांच्या डोळ्यावरचं भिंग दिवसभर उतरत नसे. दोन्ही वेळा ताटात मटण असलं की स्वारी खूश. पण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मान हलवली.

"काका, साखर काठावर आलीय. मटण कमी करा."

"मटण? अहो, मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो!"

"गोड खाल्लं तरच मधुमेह होतो असं थोडंच आहे! रोज मटण खाणाऱ्यांतही तो जास्त दिसतो. तीन महिन्यांनी पुन्हा या."

काकांच्या थोरल्या भावाची नजर मधुमेहानेच गेली होती. घड्याळजीची नजर गेली तर उरलं काय? काकांनी मटण सोडलं. पण आठवड्याभराने पँटचा हुक लावताना त्यांचा चेहरा पडला.

"अगं, पोट तसंच आहे. कशाला जिवाचे हाल करायचे? उद्यापासून कर मटण."

काका झोपल्यावर काकूंनी ती पँट कमरेत बोटभर सैल केली. सकाळी काका आरशासमोरून हलेनात.

"बघितलंस? उतरलं!"

"मी म्हटलं नव्हतं?" काकू निर्विकारपणे म्हणाल्या. एकदा सुरू केलेलं काम अर्ध्यात टाकायची त्यांना सवय नव्हती. मग दर आठवड्याला पँट थोडी थोडी सैल होत गेली.

अडचण होती खाटकाची. तो वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी चांगला तुकडा राखून ठेवी. "वहिनी, आज काका खूश होतील बघा," म्हणत पुडकं हातातच देई. बंद करा म्हणावं तर काकांच्या आजारपणाचा गल्लीभर बोभाटा, आणि मग दुरुस्तीला घड्याळं कोण टाकणार? काकू मुकाट्याने पुडकं आणत. काका दुकानात असताना ते शिजे, आणि त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून काकूच ते संपवत. नवऱ्यासाठी बायकोने एवढंही करू नये? नंतर खिडक्या उघडून त्या तोंडात वेलची टाकत.

तीन महिने झाले. दवाखान्यात निघताना काकूंनी पट्टा पुढे केला.

"पट्टा कशाला? सैल झालीय ते लोकांना दिसायला नको?" काका एका हाताने पँट धरून ऐटीत निघाले.

"काट्यावर उभे राहा. हात खाली सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी हात सोडले. पँटनेही काकांना सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी शहाणपणाने फक्त काट्याकडे पाहिलं.

"अरे वा, वजन खरंच उतरलंय! साखरही खाली आलीय." मग त्या वळल्या. "काकू, आलाच आहात तर तुमचीही तपासू."

"माझी कशाला? मला कुठे काय होतंय?"

तपासली. साखर काठ ओलांडायच्या बेतात होती. "काकू, खाता तरी काय?"

काकूंनी तोंडातली वेलची गालात सारली. काका भिंतीवरचं घड्याळ किती पुढे आहे ते मन लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ब्लाउज चढवला. महिनाभर काखेत काचणारा तो ब्लाउज आज अलगद बसला. एक दिवस मटण चुकलं तर एवढा फरक? त्या हरखल्या. मग त्यांचा हात शिवणीवर गेला. बारीक, एकसारखे टाके. घड्याळाचे स्क्रू बसवणाऱ्या हाताचे.

"अहो! तुम्हाला पँटचं कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. जुन्या शिवणीची भोकं दिसत होती. जन्मभर भिंगातून काय बघतोय मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"डोळे चोळत उसवत बसली असशील. म्हटलं, आता तुझी पँट खोटी पडायला नको. म्हणून मन घट्ट केलं."

काकूंनी नाक ओढलं आणि विषय बदलला. "आणि मटणाचं?"

"ते कालच कळलं. मला वाटायचं, वेलची तू माझ्यासाठी खातेस."

काकू लाजून पँटची कंबर आत घ्यायला मशीनवर बसल्या. काका चपला घालून निघाले.

"कुठे चाललात सकाळी सकाळी?"

"खाटकाला सांगायला. आणि तो ब्लाउज जपून वापर, टाके कच्चेच घातलेत. तीन महिन्यांनी उसवायचे आहेत."