पेशकारमामा पाणी बघायला जातात

आमच्या मामांना रस्त्यात कुणी रामराम घातला, तर ते उलट रामराम घालत नसत. "पाणी किती हाय?" असं विचारत. मग समोरचा माणूस नदीवरून आलेला असो, बाजारातून असो की न्हाव्याकडून. त्याला माहीत नसलं तर मामांचा चेहरा पडे. "गंगाखेडात राहता आन् गंगेचं पाणी माहीत न्हाई?" असं पुटपुटत ते स्वतःच लगबगीनं घाटाकडं निघत. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.

मामा मूळचे चारठाण्याचे. उभी नोकरी जिंतूरच्या तहसील कचेरीत पेशकार म्हणून केली, म्हणजे तहसीलदारांच्या शेजारी बसून कागदपत्रांच्या मिसला पुढं सरकवल्या. त्यामुळं कचेरीची उर्दू त्यांच्या जिभेवर कायमची बसलेली. चौकशी हा शब्द त्यांना पुरत नसे, तहकीकात लागे. भाजीवालीकडून दोडके घ्यायचे तरी आधी दोडक्यांची तहकीकात. मामी लवकर गेल्या. सुमी ही एकच मुलगी. तिची वेणीफणीसुद्धा मामांनीच केली, आणि वेण्या इतक्या घट्ट घातल्या की ती पोर लहानपणी कायम आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची.

सुमीला स्थळ आलं ते बेटावरचं. गंगाखेडच्या थोडं वरच्या अंगाला गंगेच्या दोन धारा होतात, त्यांच्या मधोमध पाच-पन्नास उंबऱ्यांचं हे गाव. मामा चैत्रात बघायला गेले. अलीकडची धार तेव्हा धोतर नडगीपर्यंत उचललं की ओलांडता यायची. वाळूत खरबुजांचे वेल, वर काळीभोर जमीन, मुलगा केशव अबोल पण कष्टाळू. मामांनी तिथंच होकार दिला. वैशाखात लग्न झालं. आषाढात मामा लेकीला माहेरी न्यायला आले आणि घाटावर उभे राहून बघतच राहिले. समोर नुसतं पाणी, आणि गाव पार पलीकडं.

"हे बेट हाय, हे मला कुणी सांगितलं न्हाई," ते घाटावर हटून बसले.

"पण मामा, गावाचं नावच बेट हाय," मी म्हणालो.

"मला वाटलं नुसतं नाव असंल. आमच्याकडं पिंपळगाव हाय. तिथं एक पिंपळ न्हाई."

त्याच वर्षी मामा चारठाण्याचं घर बंद करून आमच्याकडं राहायला आले. मी इथं शाळेत मास्तर, घरात आई आणि मी. "जिंतूरकडची हवा लय कोरडी. डोळ्याला सोसंना," असं त्यांनी कारण दिलं. माझी आई त्यांची धाकटी बहीण. ती चुलीपुढून म्हणाली, "दादा, डोळ्याला सोसंना का डोळ्याआड सोसंना?" मामांनी तिचं बोलणं ऐकू न आल्यासारखं केलं.

मग रोज सकाळी घाट. बेटावरून येणाऱ्या नावेतून माणूस उतरला की त्याची तहकीकात सुरू. सुमीला बघितलं का? कुठं बघितलं? पाणी भरताना? घागर एक होती का दोन? नाव चालवणारा दगडू भोई. त्याच्या नावावरच मामांचा आक्षेप होता. पाण्यावर दगडाचं नाव घेणं त्यांना धोक्याचं वाटे, म्हणून ते त्याला नुसतं 'भोईबुवा' म्हणत आणि आम्हालाही तेच म्हणायला लावत. नावेच्या फळ्या ते बोटानं वाजवून बघत. दगडू बिचारा विडी ओढत थांबून राही. पावसाळ्यात स्वतः मामा मात्र कधी नावेत पाऊल टाकत नसत. आलं, काडेपेटी, तापाच्या पुड्या असं काहीबाही गाठोड्यात बांधून ते पलीकडं धाडत आणि नाव टेकेपर्यंत अलीकडून बघत राहत.

बेटावर गेल्यावरही चालण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. बैलगाडी उन्हाळ्यातच, धार आटल्यावर यायची. पावसाळ्यात काळ्या चिखलात चाक रुतलं की दिवाळीपर्यंत तिथंच. एकानं हौसेनं सायकल आणली होती, ती त्याच्या ओट्यावर खुंटीला टांगलेली असे आणि पोरं येऊन तिचं चाक फिरवून जात.

आपला मुलूख हैद्राबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्या आधीच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. सगळीकडं कुणाची बदली कुठं होणार याचीच चर्चा. मामांना काळजी वेगळीच. "राज्य बदलायलंय, ठीक हाय. पण पुराचा बंदोबस्त आता कोण बघणार, हैद्राबाद का मुंबई?" आधी कोण बघत होतं, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

त्यात सुमीला दिवस गेलेले, लग्नानंतर तीन-चार वर्षांनी.

पहिलं बाळंतपण माहेरी. मामांनी आमच्या घरातली मागची खोली सारवून घेतली, डिंक आणला, अळीव आणले, आणि ज्येष्ठातच लेकीला आणायचं म्हणाले. विहीणबाई म्हणाल्या, सातवा सरू द्या, डोहाळजेवण होऊ द्या. तोवर गंगा भरली. मामांचं जेवण अर्ध्यावर आलं. कौलावर पाऊस वाजला की ते घास हातात धरून थांबत.

श्रावणात जरा उघडीप मिळाली. दगडूनं निरोप दिला, आज धार मवाळ हाय, आणायचं तर आणा. मामा म्हणाले, "वसंता, तू जा." मी पायताण घातलं. ते म्हणाले, "थांब. मी पण येतो."

नावेत ते मधोमध बसले, डोळे मिटले आणि माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. "आलो का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा दगडूनं नाव अजून सोडलीही नव्हती.

बेटावर गावापासून धारेपर्यंतची वाट चिखलाची. सुमीला बाजेवर बसवून चौघांनी खांद्यावर घेतलं. एक केशव, एक मी, दोघं शेजारी. मामा पुढं. काठीनं काटे बाजूला सारत, "डावीकडून, डावीकडं घट्ट हाय," असं म्हणत चाललेले. एकदा ते स्वतःच गुडघ्यापर्यंत रुतले आणि तिथूनच, "इकडून येऊ नका," असं सांगू लागले. बाजेवर सुमी तोंडाला पदर लावून हसत होती.

धारेवर पोचलो तेव्हा कुणीच हसलं नाही. तेवढ्या वेळात पाण्याचा रंग बदलला होता. तांबडं, फेसाळ पाणी, आणि त्यातून बाभळीच्या फांद्या वाहत चाललेल्या. वर कुठंतरी मोठा पाऊस झाला असणार.

दगडू बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पेशकारसायब, तुमी न्या म्हणलात तर नेतो. पर माझं मन व्हत न्हाई."

सगळे मामांकडं बघू लागले. पलीकडं सारवलेली खोली होती, आई होती, दवाखाना होता. इकडं एक म्हातारी सुईण. आता ते दगडूची उलटतपासणी घेणार, असं मला वाटलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते बाजेजवळ गेले.

"सुमे, भ्यायलीस का?"

"मी न्हाई बाबा. तुमीच थरथरायलात."

"फिरवा बाज," मामा म्हणाले.

आणि आम्ही बेटावर अडकलो. पाणी दोन्ही अंगांनी चढत गेलं. ज्या माणसानं इतकी वर्षं काठावरून बेटाची काळजी केली, तो आता पुराच्या मधोमध केशवच्या ओट्यावर बसला. ते वेडे होतील अशी मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. पाणी बघायलाही गेले नाहीत.

सुमीच्या पोटात दुखायला लागलं ते एका दुपारी, पाणी चढलेलंच असताना. सुईण आत गेली, दार लोटलं. केशव अंगणात फेऱ्या मारत होता. मामा दाराला पाठ टेकून बसले होते. मला राहवेना. "मामा, पाणी उतरेल," मी उगाच म्हणालो.

"पाण्याचं काई न्हाई रे," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता बोलू लागले. "तुझ्या मामीच्या वक्ताला मी जिंतूरला होतो. निरोप आला तसा निघालो. चारठाण्याला कुठं नदी हाय? रस्ता कोरडा ठाक. बैलं चांगली, गाडीवान चांगला. वाटेत कुणी अडवलं न्हाई, काई मोडलं न्हाई. घरी गेलो तर सुमी सुपात निजलेली. आन् बाया म्हणल्या, ती शेवटपातुर विचारत होती, आले का म्हणून."

आत सुमीचं कण्हणं वाढलं. सुईण तिला धीर देत होती. मग कण्हण्यातूनच तिचा आवाज आला, "बाबा हायत का?"

मामा बसल्या जागी वळले आणि बंद दाराला कान लावून म्हणाले, "हाय. हितंच हाय मी."

सुमीनं परत विचारलं नाही. तिला आता विचारण्याइतका श्वास नव्हता. पण मामा दाराशी तोंड नेऊन, हळू आवाजात, थोड्या थोड्या वेळानं सांगतच राहिले, "हाय, बाळा. हितंच हाय." आतून लहान लेकराचं रडणं ऐकू आलं, केशव धावत ओट्यावर आला, सुईणीनं दार किलकिलं करून मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत म्हणून सांगितलं, तरीही त्यांचं ते सांगणं चालूच होतं.