सुगंधाबाईंची दोरी

"आई, या दोऱ्या तुझ्या लग्नाआधीच्या आहेत. तुटल्या म्हणजे?" यतीनने विचारलं.

सुगंधाबाईंनी पलंगावर मांडलेले हेक्स एकेक करून पुसले. कड्यावर चढताना खडकाच्या फटीत अडकवायचे हे पोकळ, षट्कोनी धातूचे तुकडे. त्यांच्यातून ओवलेल्या दोरीवर चढणाऱ्याचा जीव. धातू अजून ठणठणीत होता, दोऱ्या मात्र पार विटल्या होत्या. रविवारी मुंब्र्याच्या कड्यावर त्यांची जुनी टोळी जमणार होती, आणि साठी उलटली म्हणून कोणी आपल्याला खाली डब्यांजवळ बसवलेलं त्या खपवून घेणार नव्हत्या.

"दोरी जुनी झाली तर दोरी बदलतात. आईला घरी बसवत नाहीत," त्या म्हणाल्या आणि एक हेक्स पर्समध्ये टाकून निघाल्या.

डोंगरीकडच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानातली दोरी हेक्सच्या भोकातच शिरेना. काशीमीऱ्याला ट्रकची ताडपत्री बांधायची दोरी मिळाली. ती शिरली.

"आन्टी, पूरा ट्रक लटकेगा इस पे!" दुकानदार म्हणाला.

"ट्रक नाही, मला लटकायचंय," बाईंनी ठणकावलं. दोरीला गाठ मारून ओढली, तर गुळगुळीत दोरीची गाठ सरकन सुटली. त्यांनी ती दुकानदाराच्याच हातात ठेवली. शेवटी गिर्यारोहणाच्या दुकानात भोकात नेमकी बसणारी, गाठ धरून ठेवणारी दोरी मिळाली, तेव्हा कुठे त्या घरी आल्या.

यतीन तरी हार मानेना. "टेस्ट केल्याशिवाय मी सोडणार नाही!"

"कर की!"

सोसायटीच्या दगडी कुंपणात आत रुंद, बाहेर अरुंद अशी एक फट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नवी दोरी ओवलेला हेक्स तिथे आत सरकवला. यतीनने दोरीचा फास स्कूटरच्या मागच्या दांडीला अडकवला, ऑफिसची बॅग खांद्याला लावली आणि जोरात रेस केली. स्कूटर जागीच थडकली. त्याने परत रेस केली. हेक्स आणखी घट्ट बसला, गाठ दांडीवर आवळली आणि यतीन घामाघूम झाला. आता स्कूटर पुढे जाईना आणि गाठही सुटेना.

"कात्री आण, कापतो!"

"काप ना," बाई कुंपणावर बसून शेंगदाणे खात म्हणाल्या. "सगळ्या सोसायटीला सांगेन, दोरी तुटेना म्हणून यतीनने कापली."

यतीनने हेक्स उपटायचा प्रयत्न केला. जितकं ओढावं तितका तो रुतत होता. मीटिंगला उशीर होत होता.

"काढ ना गं, आई."

"रविवारचं काय?"

बाईंनी आणखी एक शेंगदाणा सोलला.

"जा बाई! जा!"

बाईंनी स्कूटर जराशी मागे घ्यायला लावली, हेक्स दोन बोटांनी आत ढकलून वर उचलला. तो अलगद बाहेर आला. सैल पडलेली गाठही सुटली.

"आता ही दोरी बाद," त्या दोरी चाचपत म्हणाल्या. "एवढे हिसके बसलेल्या दोरीवर मी चढत नाही. नवी तू आणायची. हा हेक्स बरोबर ने."

संध्याकाळी ऑफिसातून येताना यतीनला काशीमीऱ्याचं दुकानच आधी दिसलं. दुकानदाराने मोठ्या उत्साहाने दोरी पुढे केली.

"साहब, पूरा ट्रक लटकेगा इस पे!"

यतीनने हेक्समधून दोरी ओवली, गाठ मारली, ओढली. सुटली.

"ट्रक का छोडो," तो छाती काढून म्हणाला. "मेरी माँ लटकने वाली है. कुछ ढंग का दिखाओ."