सालीतलं जहर

देवेंद्र लांजेवार काकडीबद्दल जे बोलले ते शंभर टक्के खरं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे भाजीपाल्याचे तज्ज्ञ. लोकल चॅनलवाल्यांनी ग्राहकांसाठी दोन शब्द हिंदीतून मागितले. कॅमेऱ्यासमोर 'छिलका' हा शब्द ऐन वेळी आठवेना, म्हणून साहेबांनी मराठी 'साल' घेतली आणि तिला बेधडक हिंदी प्रत्यय लावला. हिंदीत साली म्हणजे बायकोची बहीण, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"देखिए, सारा जहर साली में रहता है. दिखने में चिकनी, चमकदार, पर भरोसा मत करो. घर लाते ही साली को निकालकर फेंको."

दुपारी बातमी लागली. खाली पट्टी धावत होती, 'साली से सावधान : कृषि विशेषज्ञ'.

नेमकी त्यांची मेव्हणी मयुरी वर्षभरापासून नर्सिंग शिकायला त्यांच्याच घरी होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला पाहायला वारासिवनीचे पाहुणे यायचे होते. स्थळ राइस मिलवाल्यांचं. देवेंद्र घरी पोचले तेव्हा त्यांच्या बायकोचा, अंजूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमी हे काय बोलले टीव्हीवर?"

"काकडीवर बोललो."

"काकडीचं नाव कुठी हाय त्याच्यात?"

देवेंद्रांनी मोबाईलवर बातमी लावली. नाव चॅनलवाल्यांनी कापलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मुलाचे वडील, भोजराज.

"साहेब, पोरगी तुमच्याच घरी राह्यते ना?"

"हौ."

"मंग तुमाले माहीतच असंन. काहून फेका म्हणता तिले?"

"अहो, मी काकडीच्या सालीबद्दल बोललो."

"काकडी म्हणजे तुमच्या मिसेस का?"

"नाही हो. साली त दोडक्याले बी असतात, भोपळ्याले बी..." फोन कधीच बंद झाला होता.

त्यांनी तडक चॅनलला फोन लावून दुरुस्ती मागितली. चॅनलवाले भली माणसं, लगेच कबूल झाले. संध्याकाळी नवी पट्टी आली, 'साली विवाद : विशेषज्ञ ने माफी माँगी'. तोवर ज्यांना नुसती शंका होती, त्यांची आता खात्री पटली. पाचच मिनिटांत भोजराजांचा मेसेज आला, 'उद्याचं राहू द्या.'

अंजू पदराला डोळे पुसत आतल्या खोलीत गेली. एवढं चांगलं स्थळ नवऱ्याच्या हिंदीपायी गेलं, याचा तिला धक्काच बसला होता. देवेंद्रांना तोंड दाखवायला जागा उरली नाही.

थोड्या वेळाने मयुरी चहा घेऊन आली. त्यांनी मान वर केली नाही.

"माफ कर वं मयुरी."

तिने दार हळूच लोटलं. "जिजाजी, मले आधी कोर्स पुरा कराचा हाय. ताई काही ऐकतच नाही. पुढच्या रविवारी हट्टा गावचे पाव्हणे मले पाहाले येऊन राह्यले."

"मंग?"

"शुक्रवारी दोडक्यावर बोलान का?"