डुकरानं पाडलेले पंजाबराव

"पंजाबराव मरूच शकत नाही!"

नागसेन हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचा, तेही छाती फुगवून. कुणी शंका काढलीच, तर पुढे जोडायचा, "ज्या दिवशी पंजाबराव मरीन ना, त्या दिवशी मी मिशी उतरवीन!" मिशी त्याला अजून धड फुटलेली नव्हती, म्हणून पैज तशी बिनधोक होती.

आता हे पंजाबराव कोण, ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे सगळ्या गोतावळ्याचं जे झालं, ते तुमचंही व्हायचं!

नागसेन अकोल्यात पाटबंधारे खात्यात कारकून. ऑफिसात साहेबांनी नुसतं खाकरलं तरी उभा राहणारा हा माणूस मोबाइलवर मात्र महापराक्रमी होता. 'कालदुर्ग' नावाचा ऑनलाइन खेळ तो खेळायचा. त्यात देशोदेशीचे हजारो लोक एकाच वेळी उतरतात. प्रत्येकाने आपला एक वीर बनवायचा, त्याला नाव द्यायचं, तलवार द्यायची, राक्षसांशी लढवून लढवून त्याची ताकद वाढवायची. नियम एकच, पण कसायासारखा. वीर एकदा मेला की मेला! सगळी मेहनत मातीत.

वीराला नाव काय द्यावं, याचा नागसेनने फार विचार केला नव्हता. आपल्या ओळखीतला सगळ्यात खमका माणूस कोण? ज्याच्यासमोर आपण अजून चहाचा घोटही आवाज न करता पितो तो! म्हणजे सासरा, त्याचे मामाजी. मूर्तिजापूरच्या पलीकडे धामणखेडला तूर, हरभरा पिकवणारे, नगाऱ्यासारख्या आवाजाचे पंजाबराव! नागसेनने वीराला तशाच झुपकेदार मिशा लावल्या आणि नाव ठेवलं 'पंजाबराव'. सासऱ्याला अर्थातच याचा पत्ता नव्हता.

या मोबाइलमधल्या पंजाबरावाने दोन वर्षांत काय काय केलं नाही! सात फण्यांचा नाग मारला. बर्फाच्या राणीला पळवून लावलं. 'वऱ्हाडी वाघ' या नागसेनच्या टोळीत तर त्याला देव मानायचे. टोळीतला अरीब अकोल्यातच मोबाइल दुरुस्त करायचा. तो तर लढाईआधी म्हणायचा, "पंजाबराव आगे है ना? फिर अपन बिनधास्त!"

एका रविवारी सकाळी नागसेनची बायको दीपमाला नर्सच्या ट्रेनिंगसाठी अमरावतीला होती. घर मोकळं, बाजेवर ऊन आणि हातात मोबाइल. पंजाबराव एका कुरणातून निघाला होता. नवशिके शिकतात तिथलं साधं कुरण. तेवढ्यात दारात सिलेंडरवाला आला. नागसेनने मोबाइल उशीवर ठेवला, सिलेंडर घेतलं, वॉशर नीट आहे का पाहिलं, सिलेंडरवाल्याला पाणी दिलं, त्याच्याशी दोन गोष्टी केल्या आणि परत येऊन पाहतो तर काय!

पंजाबराव गवतात आडवा! बाजूला एक डुक्कर! तेही पहिल्या पायरीचं, पिलाएवढं, नवशिक्यांनी एका काठीत मारायचं डुक्कर! नागसेन सिलेंडरवाल्याशी थंडीबद्दल बोलत होता, तेवढा वेळ ते इमानेइतबारे ढुशा देत राहिलं आणि सात फण्यांच्या नागाला न हरलेला वीर त्याने संपवला.

नागसेन खरोखर रडला. उशीत तोंड खुपसून रडला. अरीबचा फोन आला, तोही गहिवरलेला. "भाई, इतना बडा आदमी गया. कुछ लिख तो सही उसके वास्ते!"

मग नागसेनने भरल्या डोळ्यांनी मोबाइलवर स्टेटस ठेवलं. 'आमचे आधारस्तंभ पंजाबराव आज सकाळी आम्हाला सोडून गेले. डुकराने पाडले. भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, नागसेन आणि समस्त वऱ्हाडी वाघ.' मोबाइलची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. तो बंद पडला. नागसेनने चार्जिंगला लावला आणि दुःखाने थकलेला माणूस झोपतो तसा गाढ झोपला.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी विश्वास कसा ठेवला? अहो, नुसतं 'गेले' लिहिलं असतं तर चार जणांनी विचारलं असतं, कशाने, कधी, काल तर ठणठणीत होते. पण डुक्कर! आमच्या वऱ्हाडात त्यावर कोण शंका घेणार? रानडुकरं तूर लोळवतात, हरभरा उकरतात आणि आडवा आला तर माणसालाही सोडत नाहीत. गावोगाव एक तरी मांडी फाटलेला माणूस दाखवता येईल. 'वऱ्हाडी वाघ' हे लोकांना एखादं मंडळ वाटलं. शिवाय खुद्द जावयाने लिहिलेलं, म्हणजे पक्की खबर!

दुपारी नागसेनने मोबाइल सुरू केला, तर मिस कॉलचा ढीग. तो वाचतो न वाचतो तोच फोन वाजला. नांदगाव खंडेश्वरहून रामराव, म्हणजे सासऱ्याचे थोरले भाऊ.

"बापू, आमी निंगालो! मॅजिक गाडी भरून निंगालो. माती कितीक वाजता द्याची हाये?"

"कोनाची माती, काकाजी?"

"हे पाह्य, पोराले धक्का बसला!" रामराव गाडीतल्या लोकांना म्हणाले.

"काकाजी, ऐका ना! मामाजी मेले नाईत! ते तं माह्या मोबाइलमधी—"

"हायेत ना बाप्पा, मोबाइलमधी फोटो हायेत. आता फोटोच रायले!" आणि रामराव हमसून हमसून रडायला लागले. गाडीतल्या बायकांनीही सूर धरला. फोन कटला.

दुसरा फोन धामणखेडच्या शेजारणीचा, गोदाबाईचा. "जवाईबापू, दवाखान्यातून गाडी निंगाली काय? आमी वाट पाहून राहिलो."

"कोनती गाडी?"

"अवो, जल्मभर बैलबंडीत हिंडला मानूस. आज तरी त्याले चांगल्या गाडीत आना!"

नागसेनला घाम फुटला. स्टेटस अकोल्याहून आलं, म्हणजे पंजाबरावांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं असणार, तिथेच ते गेले असणार आणि आता जावई त्यांना घेऊन येणार. सगळ्यांनी मिळून अख्खी गोष्ट रचून टाकली होती! त्याने सासऱ्याला फोन लावला. बंद. दीपमालाला लावला. उचलला नाही, पण तिचा मेसेज तेवढा येऊन पडला होता. 'मी गावाले निंगाली. आई एकटी हाये. तुमी बाबाले घेऊन या.'

आता फोनवर निस्तरणारं हे प्रकरण नव्हतं. त्याने स्टेटस पुसलं, अरीबला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि गाडी पिदडली.

मूर्तिजापूरला पेट्रोलसाठी थांबले, तर पंपावर धामणखेडचा ओमप्रकाश भेटला. त्याने नागसेनला गच्च मिठी मारली. "मी जाऊन आलो वावरात. तूर अशी लोयवली डुकरायनं! एक चप्पल वावराच्या धुऱ्यावर, दुपट्टा बाभयीले लटकलेला. मले तं पाहवेना, राजा."

"मामाजी नव्हते तिथी?"

"ते कसे असतीन? तुमीच नेले ना अकोल्याले!"

गाडी पुन्हा सुटली. मग नागसेन मान वळवून म्हणाला, "अरीब, खरंच तं नाई ना गेले मामाजी?"

"मेरेकू क्या पूछता भाई? मारा तो तूने!"

मंडळी, माणसाचं मन मोठं विचित्र. खोटी बातमी स्वतः उठवलेला नागसेन आता तीच ऐकून कापत होता. फोन लागत नाही. वावरात माणूस नाही. चप्पल बांधावर. 'कालदुर्ग' जावो चुलीत, आपला हाडामांसाचा सासरा गेला कुठे?

धामणखेडला अंगण माणसांनी भरलेलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावलेली आणि शेजारी पंजाबरावांचा लग्नातला फोटो हार घालून ठेवलेला. मौतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून सोयऱ्यांनी बेसन-भाकरीचे डबे आणलेले. मोटरसायकल थांबली तशी गोदाबाई रस्त्याकडे पाहत म्हणाली, "गाडी मांगं हाये काय?"

"गाडी नाई! मामाजी मेलेच नाईत!" नागसेन ओरडला. "खेळातले मेले! मोबाइलमधल्या खेळातले!"

मग रामरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रड बापू. मन मोकयं कर. असं काहीबाही बोलू नको."

घरातून दीपमाला आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग अरीबकडे पाहिलं. सगळं तिच्या लख्खकन ध्यानात आलं. 'कालदुर्ग'मुळे तिची कितीतरी भाजी करपली होती, तिला काय सांगायचं!

"खेळातला मेला?" ती हळू म्हणाली. त्या हळू बोलण्याला नागसेन जास्त भ्यायला.

"हो."

"तुमच्या त्या पंजाबरावाले डुकरानं मारलं, अन् तुमी माह्या बापाचं स्टेटस ठेवलं!"

"चूक झाली, दीपा. तोंडात मार माह्या. पन आता—"

"पन मंग बाबा कुठी हायेत?"

नागसेन तसाच घरात शिरला. आतमध्ये सासू, पंचफुलाबाई, भिंतीला टेकून बसलेली. सकाळपासून ती ना रडली, ना बोलली होती. नागसेन तिच्यापुढे उकिडवा बसला. "मामी, मी शोधून आनतो त्याहिले. तुमची आन!" आयुष्यात इतकं खरं तो कधी बोलला नसेल.

त्याच वेळी फाट्यावर एक काळीपिवळी जीप थांबली आणि तीतून पंजाबराव उतरले.

त्यांचं असं झालं होतं, की डुकरांनी रात्री तूर लोळवली. सकाळी ते पाहून डोकं फिरलं. उरलीसुरली डुकरं हाकलताना चप्पल तुटली, दुपट्टा बाभळीला अडकला. तसेच तणतणत ते फवारणीचा बिघडलेला पंप खांद्यावर टाकून धुऱ्याधुऱ्याने सडकेला लागले आणि थेट मूर्तिजापूर. पंप दुरुस्त करून घेतला, नवी चप्पल घेतली. मोबाइल? तो घरी पिठाच्या डब्यावर बंद पडलेला होता!

लांबूनच त्यांना अंगणातली गर्दी दिसली. पांढरी लुगडी दिसली. आमच्याकडे मौतीच्या दारात 'कोण गेलं' असं विचारत नाहीत. गपगुमान जाऊन बसायचं, कळतं आपोआप. आणि विचारायचं तरी काय? पोरगी दिल्यावर त्या घरात दोनच माणसं उरलेली. त्यातला एक तर हा उभा होता!

पंजाबरावांनी पंप खाली टाकला. कुणाकडे न पाहता ते गर्दीच्या कडेला मटकन बसले, डोकं गुडघ्यात घातलं आणि नगाऱ्यासारख्या आवाजात हंबरडा फोडला.

"पंचफुले! मले सोडून गेली काय वं! आता मी कोनावर खेकसू वं! तुह्या हातचं बेसन कोन खाऊ घालीन मले!"

शेजारी रामराव होते. दिवसभर इतक्या लोकांना त्यांनी धीर दिला होता की हात आपोआप फिरला. "रडून घे बाप्पा. जानारा गेला, आपल्या हाती काई नसते." असं म्हणत त्यांनी त्या पाठीवरून हात फिरवला, सहज खाली पाहिलं आणि बसल्या जागी किंचाळले. बायका उठून पळाल्या. गोदाबाईने तर मेणबत्तीच उचलून पुढे धरली!

पण त्याआधीच दारातून पंचफुलाबाई धावत आली. तिने दोन्ही हातांनी नवऱ्याचा चेहरा वर उचलला आणि सकाळपासून अडलेलं रडू तिला एकदम फुटलं. पंजाबराव तिच्याकडे पाहतच राहिले. मग तेही पुन्हा रडले. दीपमाला दोघांच्या गळ्यात पडली. नागसेन तिथेच पायरीवर बसला. इतकं हलकं त्याला पगाराच्या दिवशीही कधी वाटलं नव्हतं. अरीब डोळे पुसत म्हणाला, "शुक्र है, भाई. असली वाला बच गया."

मग अर्थातच चौकशी बसली. नागसेनने खाली मान घालून सगळं सांगितलं. पंजाबराव मिशीला पीळ देत ऐकत होते.

"म्हंजे मी तुह्या मोबाइलमधी होतो?"

"हो मामाजी. लय मोठे होते तुमी. नाग मारला तुमी."

"अन् मले मारलं कोनं? किती डुकरं होते?"

नागसेनने एक बोट वर केलं. "एकच."

"एक? एक डुक्कर?" पंजाबराव ताडकन उठले. "केवढं होतं?"

नागसेनने दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते फारच थोडं भरलं. पंजाबरावांचा चेहरा असा पडला, की मेल्याची बातमी त्यापुढे काहीच नाही! "आरे, तलवार देल्ली होती ना मले! मंग मी काहून उभा रायलो नुसता?"

"सिलेंडर आलं होतं, मामाजी."

यावर आधी दीपमाला हसली. मग रामराव. मग अख्खं अंगण असं हसलं, की फाट्यावरची काळीपिवळी थांबून राहिली. कुणीतरी फोटोवरचा हार काढून पंजाबरावांच्याच गळ्यात घातला. डबे उघडले, पंगत बसली. मौतीचं बेसन इतक्या चवीनं याआधी कुणी खाल्लं नसेल. पंजाबराव घासागणिक सगळ्यांना बजावत होते, "मी रडलो नाई बरं! वारं होतं. डोयात कुटार गेलं."

पंचफुलाबाई वाढत वाढत नागसेनजवळ आली. ताटात भाकर टाकून हळूच वाकली.

"जवाईबापू, तुमच्या त्या खेळात मेलेला मानूस जिता होते काय?"

"नाई मामी. नवा बनवा लागते."

"मंग बनवा," ती पदराआड हसत म्हणाली. "नाव हेच ठेवा. अन् सालातून एकांदा डाव मरू देत जा त्याहिले. जल्म गेला माहा, पन माह्या नावानं असे कदी रडले नव्हते!"